काच नवी बसते, लिहिलेले नाव पुसले जात नाही

आपल्या समाजातील पुष्कळ घरांपुढे आज लहानशी का होईना, मोटार उभी असते. कोणी बँकेचे कर्ज काढून घेतलेली असते, कोणी दुसऱ्याची वापरलेली घेतलेली असते. ज्यांच्या वडिलांनी गिरणीत पाळ्या केल्या, ज्यांच्या आईने डोक्यावर पाट्या वाहिल्या, त्यांची मुले आज सहकुटुंब मोटारीतून विहारात जातात ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र मोटारीबरोबर तिच्या काळज्याही घरात येतात. उभ्या मोटारीची काच फोडून आतले सामान पळवण्याचे प्रकार शहरात घडतात, तसा तो गेल्या जून महिन्यात आमच्याही बाबतीत घडला. अशा वेळी काय करावे, काच कशी बसते, खर्च किती येतो, ही माहिती वाचक बंधु-भगिनींना उपयोगी पडावी म्हणून हे लिहीत आहोत. परंतु त्या रात्री काचेपेक्षा मोठा एक प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला. खरे सांगायचे आहे ते त्याच्याविषयी.

मुंबईच्या एका उपनगरात नातलगांच्या बाळाचा नामकरण विधी होता. सभागृहाच्या आवारात जागा नव्हती, म्हणून इतरांप्रमाणे आम्हीही मोटार बाहेरच्या रस्त्याला लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या मुलीची प्रवेशासाठी कागदपत्रांची पडताळणी होती. मूळ कागदांची फाइल बॅगेत घालून पुढच्या सीटखाली सरकवलेली होती आणि कार्यक्रम आटोपून तसेच मुक्कामाला बहिणीकडे जायचे ठरले होते. रात्री साडेनऊला बाहेर आलो तेव्हा मागच्या डाव्या दाराची काच नव्हती. बॅगही नव्हती.

त्या फाइलमध्ये काय होते हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. बारावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र. वैधतेसाठी अनुसूचित जातीच्या माणसाला १० ऑगस्ट १९५० च्या पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो. आमच्या पणजोबांच्या नोंदीसाठी तालुक्याच्या कचेरीत किती हेलपाटे घातले, कोतवाल बुकाची नक्कल मिळेपर्यंत किती वेळा 'उद्या या' ऐकले, ते आठवले आणि पायातले बळच गेले. काच फुटली याचे दुःख त्या वेळी कोणालाच नव्हते. मुलगी फूटपाथवर बसून रडत होती.

माणसे जमली. सभागृहाचा रखवालदार आला. तो म्हणाला, "साहेब, सांगायचं काय त्यात? सिग्नलजवळ पारध्यांची पालं आहेत. त्यातलं ते फुगे विकणारं पोरगं संध्याकाळी इथंच घुटमळत होतं. त्याचंच काम." त्याने मुलाचे नावही सांगितले. काच फोडताना पाहिलेस का, असे विचारल्यावर म्हणाला, "पाहायचं कशाला? दुसरं कोण करणार?" आमच्याच नात्यातली दोन-चार शिकलेली माणसे लगेच बोलली, "बरोबर आहे. त्यांचा धंदाच तो." हे बोलणाऱ्यांच्या खिशावर बाबासाहेबांचे बॅज होते आणि थोड्याच वेळापूर्वी सर्वांनी मिळून त्रिशरण पंचशील घेतले होते.

पोलीस ठाण्यात गेलो. हवालदार वागायला चांगले होते. त्यांनी पाणी दिले, सगळे ऐकून घेतले. मग विचारले, "संशय कोणावर?" आम्ही गप्प राहिलो. रखवालदाराने त्यांनाही मुलाचे नाव सांगून टाकलेले होते. हवालदार म्हणाले, "तुम्ही तक्रारीत नाव घाला. रात्रीतच उचलतो. पोरगं आहे, लगेच तोंड उघडेल. सकाळच्या आत तुमच्या मुलीचे कागद हातात."

वाचकहो, हा क्षण सोपा नव्हता. एका बाजूला मुलीची वर्षभराची मेहनत आणि सकाळी दहाची वेळ. दुसऱ्या बाजूला एक फुगे विकणारा मुलगा, ज्याला आम्ही ओळखतही नव्हतो. आम्हा उभयतांतही एकमत नव्हते. एकाचे म्हणणे, "नाव आपण थोडेच शोधून काढले? रखवालदार सांगतो तेवढे लिहायचे. निर्दोष असेल तर सुटेल." दुसऱ्याचे म्हणणे, "सुटेल, पण कसा होऊन सुटेल?" मुलगी इतका वेळ काही बोलली नव्हती. तिने एवढेच विचारले, "त्याला मारतील ना?" हवालदारांनी तिच्याकडे पाहिले आणि कागद सरळ करू लागले. उत्तर कोणी दिले नाही.

आम्ही तक्रार लिहून दिली. मोटार कोठे उभी होती, किती वाजता, कोणती काच फुटली, बॅगेत काय होते, प्रत्येक दाखल्याचा क्रमांक काय, हे सगळे लिहिले. चोर म्हणून 'अनोळखी इसम' लिहिले. आम्ही कोणालाही पाहिलेले नाही, कोणावर संशय नाही, असे स्पष्ट घातले. हवालदार म्हणाले, "मग तपासाला दिशा कशी मिळणार? रात्रभर विचार करा. सकाळी पुरवणी जबाब देता येईल."

घरी फोन करून आजींना हकीकत सांगितली. आजींचे वय ब्याऐंशी. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नाही, पण सातारा भागातल्या आपल्या गावची एक गोष्ट त्यांच्या मनात कायमची राहिली आहे. स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतली. गावच्या एका मोठ्या घरातली ज्वारीची पोती गेली. पहिले बोलावणे महारवाड्यात आले. आजींच्या वडिलांना चावडीपुढे दिवसभर उन्हात उभे केले. हाच माणूस गावचा सरकारी भरणा डोक्यावर घेऊन तालुक्याला पोहोचवत असे, तेव्हा कोणाला त्याचा संशय येत नसे. पुढे महिन्याभराने पोती त्याच घरातल्या भावकीत सापडली. कोणी चावडीवर येऊन 'चुकलं' म्हटले नाही. आजी फोनवर म्हणाल्या, "तू बघितलंस का डोळ्यानं? न्हाई ना? मग नाव कशापायी घ्यायचं? माझ्या बापाचं नाव असंच कुणीतरी घेतलं हुतं."

यानंतर आमच्यात वाद राहिला नाही. सकाळी पुरवणी जबाब द्यायला गेलो नाही.

आजींच्या वडिलांची ही एकट्याची कहाणी नाही. गावची राखण करायची, चोराचा माग काढायचा, सरकारी निरोप पोहोचवायचे, ही महार वतनाची कामे. राबवून घेताना विश्वास आणि काही हरवले की पहिला संशय, असा तो न्याय होता. या वतनाच्या बेडीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. ती बेडी कायद्याने तुटायला १९५८ साल उजाडावे लागले.

आणि पारध्यांचे तर त्याहून वाईट. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. या कायद्याखाली जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या गेल्या. मूल जन्मले की त्याची नोंद, गाव सोडायचे तर परवानगी, रोज हजेरी. देश स्वतंत्र झाला तरी त्या माणसांच्या वाट्याला स्वातंत्र्य आले ते पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, हा कायदा रद्द झाला तेव्हा. कायदा गेला, पण लोकांच्या मनातली हजेरी गेली नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांत जातीवरून कामे वाटण्याची पद्धत घटनाबाह्य ठरवली. त्याच निकालात विमुक्त जमातींना जन्माने गुन्हेगार समजण्याच्या वृत्तीचाही समाचार घेतला. सर्वोच्च न्यायालयाला २०२४ मध्येही हे सांगावे लागते, तर रखवालदाराला एकट्याला बोल लावून काय उपयोग? 'त्यांचा धंदाच तो' हे वाक्य आमच्याच माणसांच्या तोंडून आले होते. कालपर्यंत जे वाक्य आपल्याविषयी बोलले जात होते, ते आज आपण दुसऱ्याविषयी बोलू लागलो, तर मग आपण वर आलो म्हणजे नेमके कोठे आलो?

असो. आता काचेविषयी.

मोटारीला दोन प्रकारची काच असते. पुढची मोठी काच दोन पातळ काचांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा घालून केलेली असते. ती फुटली तरी तुकडे त्या पापुद्र्याला चिकटून राहतात. दारांच्या काचा मात्र टफन केलेल्या असतात. काच सहाशे अंशांहून अधिक तापवतात आणि हवेच्या झोताने एकदम थंड करतात. त्यामुळे पृष्ठभाग आवळला जातो आणि आतला भाग ताणलेला राहतो. ही काच साध्या काचेपेक्षा बळकट असते, पण टोकदार वस्तूचा एक नेमका घाव बसला की सबंध काचेचे खड्यांसारखे बारीक तुकडे होतात. माणसाला मोठी पाती लागून इजा होऊ नये म्हणून ही योजना आहे. टफन झाल्यावर ही काच कापता येत नाही की तिला भोक पाडता येत नाही. म्हणून शेजारच्या काचवाल्याकडून मापाची कापून आणू, हा विचार करू नये. आपल्या गाडीच्या त्याच दारासाठी तयार केलेली काच आणावी लागते.

फुटल्यावर प्रथम जागेचे आणि गाडीचे फोटो काढावेत. पंचनामा होईपर्यंत काहीही हलवू नये. मग जाड हातमोजे घालून सीटवरचे तुकडे उचलावेत. मुलांना त्या सीटवर बसू देऊ नये, कारण कपड्याच्या शिवणीत खडे अडकून राहतात. खिडकीला जाड प्लास्टिक चिकटपट्टीने बाहेरून लावावे. जूनचा महिना असल्याने आम्हाला तेवढ्या रात्रीतच त्याचे महत्त्व कळले.

दुसऱ्या दिवशी पडताळणी केंद्रावर छायाप्रती आणि प्रथम खबरीची प्रत दाखवली. तेथील बाईंनी हमीपत्र लिहून घेतले आणि मूळ कागदांसाठी मुदत दिली. जीव थोडा खाली पडला. दुपारी कुर्ल्याला गेलो. तेथे सीएसटी रोडला मोटारीच्या सुट्या भागांची दुकाने ओळीने आहेत. एका दुकानात उत्तर प्रदेशातून आलेला तरुण कारागीर होता. "साब, आधा घंटा," म्हणाला आणि कामाला लागला. दाराच्या आतले पॅड स्क्रू काढून सोडवले, आतला प्लास्टिकचा कागद बाजूला केला. दाराच्या पोटात ओंजळभर खडे साचले होते. ते त्याने आधी यंत्राने ओढून काढले. तसेच ठेवले तर दार आपटताना खळखळ वाजते, नव्या काचेवर ओरखडे उठतात आणि पावसाचे पाणी जायची खालची भोके बुजून दार गंजते, असे त्याने समजावले. नंतर काच वर-खाली करणारी मशीन तपासली, कडेचे रबर बदलले आणि काच बसवली.

आम्ही काचेच्या कोपऱ्यातली आयएसआय खूण पाहू लागलो, तेव्हा तो हसून म्हणाला, "देख लो साब, पक्का बिल भी लो. लोग समझते हैं हम ही तोड़ते हैं और हम ही बेचते हैं." आदल्या रात्रीनंतर हे वाक्य ऐकून आम्ही एकमेकांकडे पाहिले. संशयाचे धनी पालातच राहतात असे नाही.

काच १३०० रुपये, रबर १५० आणि मजुरी ३००, मिळून १७५० रुपये झाले. काचेवर काळी फिल्म लावता का, असेही दुकानात विचारले. आम्ही नको म्हटले. बाजूच्या काचेतून निदान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, असा नियम आहे.

विम्याचा हिशेबही सांगून ठेवतो. केवळ 'थर्ड पार्टी' विमा असेल तर आपल्या काचेचे पैसे मिळत नाहीत. सर्वंकष विमा असेल तर मिळतात आणि काचेवर घसाऱ्याची कपातही होत नाही. पण लहान मोटारीच्या प्रत्येक दाव्यात सुरुवातीचे १००० रुपये आपल्याला सोसावे लागतात. शिवाय लागोपाठ तीन वर्षे दावा केला नसेल, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी जो हप्ता भरतो त्यात ३५ टक्के सूट मिळते. एक दावा केला की साधारणपणे ती जाते. आम्हाला फार तर ७५० रुपये मिळाले असते आणि त्याहून अधिक सूट गमवावी लागली असती. म्हणून दावा केला नाही. मोटारीतून गेलेल्या बॅगेसारख्या वस्तू या विम्यात बहुधा येतच नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

चौथ्या दिवशी एका बाईंचा फोन आला. त्या कंत्राटावर सफाईचे काम करतात. रेल्वे स्थानकाजवळच्या कचराकुंडीत त्यांना आमची फाइल मिळाली होती. बॅग नव्हती, पैसे नव्हते, पण कागद सगळे होते. कोपरे भिजले होते तेवढेच. बाई म्हणाल्या, "दाखला बघितल्यावर कळलं, पोरीच्या शिक्षणाचं हाय. माझ्या पोराच्या दाखल्यापायी मी बी लय फिरलीया." आम्ही दिलेले पाचशे रुपये त्यांनी घेतले. मुलाच्या वह्यांना होतील, म्हणाल्या.

काच कोणी फोडली ते आजतागायत समजलेले नाही. तो फुगेवाला मुलगा निर्दोष होता असे आम्ही ठामपणे सांगू शकत नाही आणि दोषी होता असेही सांगू शकत नाही. आमचे म्हणणे नेमके हेच आहे. जे आपल्याला माहीत नाही, ते सरकारी कागदावर आपल्या सहीने जाता कामा नये.

आपण पंचशील घेतो तेव्हा न दिलेले घेणार नाही, असे दुसऱ्या शीलात म्हणतो. चौथ्या शीलात खोटे न बोलण्याचा निश्चय करतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही हे दोन्ही निश्चय आहेत. ज्याने आमची काच फोडली त्याने दुसरे शील मोडले. न पाहिलेल्या माणसाचे नाव आम्ही लिहिले असते, तर चौथे शील आम्ही मोडले असते. दुसऱ्याचे शील मोडले म्हणून आपले मोडण्याची परवानगी धम्म देत नाही.

चोरी सोसून गप्प बसावे, असा याचा अर्थ नाही. दीघनिकायातील कूटदंत सुत्तात एका राजाची गोष्ट आहे. त्याच्या राज्यात लूटमार माजली होती. त्याचा पुरोहित त्याला सांगतो की मारून-बांधून हे थांबणार नाही. शेतकऱ्याला बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल आणि नोकराला पुरेसे वेतन दे, म्हणजे लोक आपापल्या कामाला लागतील. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या विचाराची थोडीशी चाहूल आजच्या कायद्यातही लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची पहिलीच चोरी असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली, तर समाजसेवेची शिक्षा सांगितली आहे. अठरा वर्षांखालील मुलाचा विचार तर बाल न्याय मंडळापुढे व्हायचा असतो. कोठडीतल्या मारहाणीला कोणत्याच कायद्यात जागा नाही.

म्हणून आमची विनंती आहे. असा प्रसंग आला तर तक्रार जरूर द्या. प्रथम खबरीची प्रत विनामूल्य मिळते, ती मागून घ्या. मुलांच्या दाखल्यांच्या दोन-दोन छायाप्रती घरात वेगळ्या ठेवा, क्रमांक वहीत लिहून ठेवा. फोनवरही त्यांची चित्रे असू द्या. आमची तक्रार पक्की झाली आणि पडताळणी निभावली ती त्यामुळेच. जे पाहिले ते तपशीलवार लिहा. आणि संशयाच्या रकान्यापाशी आलात की लेखणी क्षणभर थांबवा. आपल्या आजोबा-पणजोबांना चावडीपुढे कोणी उभे केले होते, ते आठवा. काच अर्ध्या तासात नवी बसते. पोलिसांच्या वहीत एकदा चढलेले गरीब पोराचे नाव आयुष्यभर त्याचा पिच्छा पुरवते.

आपल्या घरातल्या मुलांशी यावर जरूर बोला. जयभीम.